कानात मेणबत्ती लावावी का?





गेल्या नाताळाच्या सुमारास आपल्यापैकी एका मंडळीच्या महिला संघाने वसतिगृहातील मुलांसाठी मोठ्या प्रेमाने एक खोके पाठवले. त्यात चादरी होत्या, साबण होते, खोबरेल तेलाच्या बाटल्या होत्या, वह्या होत्या. अगदी तळाशी दोन पाकिटे निघाली. पाकिटांत वीतभर लांबीच्या, आतून पोकळ अशा मेणबत्त्या होत्या. सोबत एक चिठ्ठी होती. मुलांचे कान वाहतात हे तुमच्या मागच्या अंकात वाचले, आम्ही घरी या कानाच्या मेणबत्त्या वापरतो, सगळा मळ बाहेर निघतो, आणि हा मूळचा आदिवासी लोकांचाच उपाय आहे म्हणून तुमच्या कामाला साजेसा वाटला, असे तिच्यात लिहिले होते.

त्या भगिनींचे आम्ही मनापासून आभार मानले. मेणबत्त्या मात्र मुलांसाठी वापरल्या नाहीत. का वापरल्या नाहीत, हे त्यांना पत्राने कळवले. त्यानंतर आणखी दोघातिघांनी हाच प्रश्न विचारला. कोणी ऑनलाइन जाहिरात पाहिली होती, कोणी शहरातल्या ब्युटी पार्लरमध्ये पैसे देऊन हा प्रयोग करून घेतला होता. म्हणून सगळ्यांसाठीच सविस्तर लिहीत आहोत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. कानातल्या मेणबत्तीने मळ निघत नाही, दुखणे थांबत नाही आणि वाहणारा कान बरा होत नाही. उलट इजा होऊ शकते. आणि आपल्या वाड्यावस्त्यांवर त्याहून मोठे नुकसान होते ते वेळ वाया जाण्याचे.

ही मेणबत्ती असते कशी?

सुती कापडाची पट्टी मेणात किंवा पॅराफिनमध्ये भिजवून तिची निमुळती नळी करतात. मग माणसाला कुशीवर झोपवतात. नळीचे अरुंद टोक कानाच्या भोकात बसवतात आणि वरचे टोक पेटवतात. खाली राख किंवा मेण पडू नये म्हणून मध्ये कागदाची बशी किंवा ओले फडके धरतात. दहापंधरा मिनिटे नळी जळते. उरलेले थोटूक विझवून कापले की आत पिवळट-तपकिरी, चिकट असा पदार्थ दिसतो. तो दाखवून सांगतात, 'बघा, एवढा मळ होता तुमच्या कानात!'

विकणारे दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे ज्योतीमुळे गरम हवा वर जाते आणि तिच्या ओढीने कानातला मळ नळीत खेचला जातो. दुसरी म्हणजे उबेने मळ वितळतो. ऐकायला दोन्ही पटण्यासारख्या वाटतात. म्हणून त्या नीट तपासून पाहू.

ओढ लागते का?

आपल्या घरच्या चुलीचे धुराडे धूर ओढून घेते, हे आपण रोज पाहतो. पण धुराड्याला ओढ लागते ती खालून हवा आत येत असते म्हणून. चुलीचे तोंड बंद केले तर धुराडे काय ओढणार? कानाची नळी ही एका टोकाला बंद असलेल्या बोळासारखी आहे. मोठ्या माणसात ती साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, तिला किंचित वळण असते आणि तिच्या शेवटी पडदा असतो. खालून हवा यायला तिथे वाटच नाही. मग ओढ लागणार कशी?

शिवाय कानातला मळ चिकट असतो आणि नळीच्या कातडीला धरून असतो. तो नुसत्या ओढीने सुटून यावा एवढा जोर लावला, तर मळाच्या आधी कानाचा नाजूक पडदा फाटेल. आणि मेणबत्तीची ज्योत कानापासून वीतभर दूर असते, त्यामुळे आतला मळ वितळावा इतकी ऊब तिथवर पोहोचत नाही. वितळून खाली येते ते मेणबत्तीचे स्वतःचे मेण.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी याची प्रत्यक्ष चाचणी घेतली आणि ती १९९६ मध्ये त्यांच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांनी कानाच्या नळीची प्रतिकृती करून तिच्यात मेणबत्ती जळत असताना दाब मोजला. ओढ लागल्याचे कुठेही आढळले नाही. मग आठ कानांवर प्रयोग केला. एकाही कानातून मळ निघाला नाही. उलट काही कानांत मेणबत्तीचेच मेण जाऊन बसले. त्यांनी १२२ कानतज्ज्ञांकडे चौकशीही केली. त्यांतून मेणबत्तीमुळे झालेल्या २१ इजा समोर आल्या. बहुतेक भाजल्याच्या होत्या, काहींत कानाची नळी मेणाने बुजली होती आणि एकाचा तर पडदा फाटला होता.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये या मेणबत्त्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला. लहान मुलांना धोका जास्त असतो, असेही त्यात बजावले होते. मूल हलते, त्याच्या कानाची नळी अरुंद असते आणि त्याच्या चेहऱ्याजवळ उघडी ज्योत असते. हे चित्र नुसते डोळ्यांसमोर आणले तरी पुरे.

बाटलीच्या कानात किती मळ?

खोक्यात आलेल्या मेणबत्त्यांपैकी एक आम्ही वसतिगृहाच्या अंगणात वापरून पाहिली. कोणाच्या कानात नव्हे, तर धुऊन कोरड्या केलेल्या एका रिकाम्या बाटलीच्या तोंडात. मुले भोवती बसली होती. मेणबत्ती जळून थोटूक उरले तेव्हा ते विझवून कापले. आत तोच पिवळट-तपकिरी चिकट पदार्थ, तीच बारीक भुकटी.

एका मुलीने विचारले, 'सर, बाटलीला पण मळ असतो का?'

सगळे हसले, पण तिच्या प्रश्नातच सारे उत्तर आले. तो मळ नव्हताच. जळलेले कापड, अर्धवट जळलेले मेण आणि काजळी यांचे ते मिश्रण होते. कान असो वा नसो, ते निघणारच. ज्यांना शंका असेल त्यांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली, उघड्या जागी, जवळ पाण्याची बादली ठेवून हा प्रयोग स्वतः करून पाहावा.

आपल्या बाजारहाटात पूर्वी दातातला किडा काढून दाखवणारे येत. दुखऱ्या दातापाशी नळी धरायची, धुरी द्यायची आणि मग कापसावर पांढरे किडे दाखवायचे. दाताला कीड लागते म्हणजे तिथे अळी असते असे नव्हे, हे आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण डोळ्यांनी पाहिलेल्या 'पुराव्या'ची पकड मोठी असते. मेणबत्तीच्या थोटकातला 'मळ' त्याच जातीचा. फरक एवढाच की किडा दाखवणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो आणि मेणबत्ती चकचकीत पाकिटात आली की तिला 'नैसर्गिक उपचार' म्हणतो.

आदिवासींच्या नावाने

आता चिठ्ठीतल्या त्या दुसऱ्या वाक्याविषयी. 'हा आदिवासींचा जुना उपाय आहे' हे त्या भगिनींनी मनचे लिहिले नव्हते. पाकिटावरच तसे छापले होते. जगभर अनेक ठिकाणी या मेणबत्त्या 'होपी' या नावाने विकल्या जातात. होपी ही अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात, उंच पठारांवरच्या गावांत राहणारी एक प्राचीन आदिवासी जमात आहे. मक्याची कोरडवाहू शेती, मातीची भांडी आणि विणकाम यांसाठी ती ओळखली जाते. कानात मेणबत्ती जाळण्याची प्रथा आमच्यात कधीच नव्हती, आमचे नाव या मालावरून काढा, असे होपी लोकांनी स्वतः विक्रेत्यांना सांगितले आहे. तरीही नाव चालूच राहिले, कारण नावामुळे माल खपतो.

आपल्या संस्थेच्या वाचकांना हे विशेष लागायला हवे. ज्या लोकांचे जंगल, जमीन आणि पाणी हिरावले गेले, त्यांचे नावही कोणीतरी न विचारता उचलून विकायला काढतो. कोणी आदिवासींचे सगळेच ज्ञान अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकतो, तर कोणी 'आदिवासी' असा शिक्का पाहिला की डोळे मिटून विश्वास ठेवतो. दोन्हींतही खऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या भिल्ल आणि ठाकर वस्त्यांवर झाडपाल्याची खरी माहिती असलेली वडीलधारी माणसे आहेत. त्यांच्या ज्ञानाचा मान राखायचा असेल तर ते काय म्हणतात ते ऐकावे, पडताळावे, आणि जे त्यांचे नाही ते त्यांच्या माथी मारू नये.

मळ ही घाण नव्हे

मेणबत्ती नको, तर मग कान साफ कसा करावा? बहुतेकांना याचे उत्तर ऐकून आश्चर्य वाटते. निरोगी कानाची आतली सफाई करावीच लागत नाही.

कानातला मळ शरीराने मुद्दाम तयार केलेला असतो. तो धूळ आणि बारीक किडे अडवतो, कातडी कोरडी पडू देत नाही आणि जंतूंना वाढू देत नाही. कानाच्या नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि आपल्याबरोबर मळ बाहेर आणते. आपण बोलतो, चावतो तेव्हा जबड्याच्या हालचालीने तिला मदत होते. बाहेर आलेला मळ आंघोळीनंतर ओल्या फडक्याने पुसला की झाले.

बिघाड करतो तो आपला हात. काडेपेटीची काडी, केसातली पिन, किल्ली, कानकोरणे किंवा कापूस लावलेली काडी आत घातली की मळ बाहेर येण्याऐवजी आत ठासला जातो. मग दडा बसतो, ऐकू कमी येते आणि माणूस आणखी कोरतो. कोपर कानाला लावून बघा म्हणतात ते उगाच नाही. जी वस्तू कानात जाऊ शकते ती कानात घालायची नसते.

खरोखरच दडा बसला असेल, कान दुखत नसेल, पूर्वी कधी वाहिला नसेल आणि पडद्याला भोक नसल्याची खात्री असेल, तर दिवसातून दोनदा दोनतीन थेंब साधे खोबरेल तेल, गरम न करता, चारपाच दिवस घालता येते. त्याने मळ मऊ होतो आणि बहुधा आपोआप बाहेर येतो. म्हणजे आजीच्या तेलाच्या बाटलीत तथ्य आहे, पण या एवढ्याच बाबतीत. लसूण कढवलेले कडकडीत तेल, कांद्याचा रस किंवा विडीचा धूर यांना कानात जागा नाही. तेलाने फरक पडला नाही तर डॉक्टर योग्य साधनांनी, आत बघत बघत मळ काढतात. त्याला काही मिनिटेच लागतात.

वाहणारा कान

ज्या मुलांसाठी ते खोके आले होते त्यांचा त्रास मात्र मळाचा नव्हताच. त्यांचे कान फुटले होते. हा फरक समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

मळ असतो पडद्याच्या बाहेर. कान फुटतो तो पडद्याच्या आतून. पडद्यामागे मधला कान असतो आणि तो एका बारीक नळीने घशाच्या वरच्या भागाला जोडलेला असतो. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दी-खोकला झाला की जंतू घशातून सहज मधल्या कानात शिरतात. तिथे पू होतो, मूल रात्रभर रडते, कान ठणकतो आणि शेवटी पडद्याला भोक पडून पू बाहेर येतो. पू वाहू लागला की ठणका थांबतो. आईबापांना वाटते, चला, बरे झाले. खरे दुखणे तिथून पुढे सुरू होते. चुलीचा आणि विडीचा धूर कोंडलेले घर, कुपोषण, वारंवार सर्दी, दाटीवाटीने झोपणे आणि डबक्यात पोहणे यांमुळे कान पुन्हा पुन्हा वाहतो आणि भोक भरून येत नाही.

आता विचार करा. अशा कानात मेणबत्ती लावली तर काय होईल? दुखण्याचे मूळ घशाच्या बाजूला आहे आणि आपण बाहेरून धूर देत आहोत. शिवाय पडद्याला भोक असल्यामुळे वितळलेले मेण, तेल किंवा राख सरळ मधल्या कानात जाऊ शकते.

कन्नड तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवरचा नऊ वर्षांचा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहात आला. तीनचार वर्षांचा असल्यापासून त्याचे दोन्ही कान वाहत होते. घरच्यांनी हयगय केली नव्हती. लसणाचे तेल घातले, पाला पिळून घातला, कोणी सांगितले म्हणून धुरीही दिली. दिवाळीनंतर ते सगळे ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येत. फडावर कुठला दवाखाना, आणि शाळेत आरोग्य पथक आले त्या दिवशी मुलगा शाळेत नसे.

वर्गात तो मागच्या बाकावर गप्प बसे. शिक्षकांना वाटे, घरी भिली बोलतात, याला मराठी समजत नाही. आम्हालाही पहिले काही आठवडे तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे. एके दिवशी आमच्या वस्तिगृहाच्या मावशींनी त्याला पाठीमागून त्याच्याच भाषेत हाक मारली. त्याने मान वळवली नाही. तेव्हा लक्षात आले की मुलाला भाषा कळत नव्हती असे नाही, त्याला ऐकूच येत नव्हते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले. औषधाचे थेंब, रोज कान कोरडा करणे आणि पुन्हा पुन्हा तपासणी असे काही महिने चालले. उजवा कान कोरडा झाला. डाव्या कानाचे भोक मोठे आहे आणि त्याची शस्त्रक्रिया करावी लागेल. तो आता पहिल्या बाकावर बसतो. गेलेली चारपाच वर्षे मात्र परत येणार नाहीत. ज्या वयात मूल हजारो शब्द ऐकून शिकते, त्या वयात त्याच्या कानांत तेल आणि धूर जात होता. मेणबत्तीने याहून वेगळे काय केले असते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लहान मुलांतील श्रवणदोषांपैकी जवळजवळ ६० टक्के दोष टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतात. कान वाहणे हे त्यांतले एक मोठे कारण आहे.

घरी काय करावे

कान वाहत असेल तर घरी करण्यासारखा एक साधा आणि खरा उपाय आहे. तो म्हणजे कान कोरडा ठेवणे. स्वच्छ, मऊ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाच्या तुकड्याची वात वळा. ती हलक्या हाताने कानाच्या तोंडाशी ठेवा, खोल रेटू नका. ओली झाली की काढून टाका आणि नवी ठेवा. वात कोरडी निघेपर्यंत असे करा. दिवसातून तीन वेळा तरी करावे. काडीला कापूस गुंडाळून वापरू नये आणि वात कानात तशीच ठेवून देऊ नये. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर ते कान कोरडा केल्यावरच घालावेत, कारण पुवात पडलेले औषध आत पोहोचत नाही. थेंब किती दिवस घालायचे ते डॉक्टरांनाच विचारावे. दुकानातून मनानेच कोणतेही थेंब आणू नयेत.

आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नये. विहिरीत किंवा तलावात पोहणे बंद ठेवावे. तेल, रस, धूर, मेणबत्ती यांपैकी काहीही कानात घालू नये.

कानामागे सूज येऊन तिथे हात लावू देत नसेल, कान पुढे ढकलल्यासारखा दिसत असेल, ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या किंवा चक्कर असेल, तोंड एका बाजूला वाकडे होत असेल, तर एक दिवसही थांबू नये. पू मधल्या कानातून हाडात आणि पुढे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. थोडाच पण घाण वासाचा पू येत असेल तर तेही धोक्याचे लक्षण समजावे. ठणका नाही म्हणून स्वस्थ बसू नये.

लहान मुलाला ऐकू येते की नाही हे घरी ताडता येते. त्याला न दिसता मागून हळू हाक मारून पाहा. ते सारखे 'काय?' विचारते का, मोठ्याने बोलते का, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघते का, वर्गात मागे पडते का, याकडे लक्ष ठेवा. 'मंद आहे', 'हट्टी आहे', 'भाषा येत नाही' असे म्हणण्याआधी कान तपासून घ्या.

मदत कुठे मिळते

ही सारी मदत आपल्या हाताशी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन मुलांची तपासणी करतात. कान वाहणे आणि ऐकू कमी येणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. या कार्यक्रमाची सुरुवात देशात सर्वप्रथम आपल्याच राज्यात, आदिवासी भागातील पालघर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बहिरेपणा रोखण्यासाठी २००७ पासून स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे ग्रामीण रुग्णालय आणि तिथून शहरातील घाटी रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग, अशी वाट आहे. वाट असणे आणि वस्तीवरच्या माणसाला ती चालता येणे यांत मात्र अंतर आहे. दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, कोणत्या खिडकीवर चिठ्ठी काढायची ते कळत नाही. आपले कार्यकर्ते बरोबर जातात ते यासाठीच.

आणखी एक माहिती सर्वांना असावी. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या यादीत बहिरेपणाचा समावेश आहे. अमुक वस्तूने बहिरेपणा बरा होतो अशी जाहिरात करणे आपल्या देशात गुन्हा आहे. असा दावा पाहिला की पुढे पाठवण्याआधी थांबावे.

शेवटी

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभु येशूकडे आणलेल्या एका बहिऱ्या माणसाची गोष्ट आहे. त्याला धड बोलताही येत नव्हते. ऐकू न येण्याचा आणि बोलता न येण्याचा हा संबंध शुभवर्तमानकाराने नेमका टिपला आहे. त्या माणसाला प्रभूने गर्दीपासून बाजूला नेले, त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श केला, आकाशाकडे पाहून उसासा टाकला आणि मग त्याला बरे केले. बरे करण्याचे सामर्थ्य आपल्यात नाही. पण एका मुलाला गर्दीतून बाजूला घेणे, त्याचा कान हातात धरून बघणे आणि त्याच्यासाठी उसासा टाकणे हे आपल्याला जमण्यासारखे आहे. चमत्काराच्या वस्तूपेक्षा त्या मुलाला याचीच गरज अधिक आहे.

ज्या भगिनींनी मेणबत्त्या पाठवल्या त्यांचे आमचे पत्र वाचून उत्तर आले. त्यांनी घरातली उरलेली पाकिटे टाकून दिली आणि विचारले, 'मग आम्ही काय पाठवू?' त्यांना जे कळवले तेच आपल्या सर्वांना कळवतो. जुनी पण मऊ सुती धोतरे आणि साड्या धुऊन, उन्हात वाळवून पाठवा, वातीसाठी फार उपयोगी पडतात. चांगल्या प्रकाशाच्या दोनचार बॅटऱ्या पाठवा. आणि जमल्यास एका मुलाचे व त्याच्या आईचे वस्तीपासून घाटीपर्यंत जाण्यायेण्याचे भाडे द्या. एकदा नव्हे, तीन वेळचे, कारण कान एका फेरीत बरा होत नाही.

येत्या ३ मार्चला जागतिक श्रवण दिन आहे. ३ हा आकडा कानासारखा दिसतो म्हणून तिसऱ्या महिन्याची तिसरी तारीख निवडली आहे. आपल्या देवनागरीतला ३ तर हुबेहूब कानच. त्या आठवड्यातील रविवारच्या उपासनेत आपल्या मंडळीने या मुलांसाठी प्रार्थना करावी, आणि उपासनेनंतर आपापल्या घरातील व शेजारच्या एखाद्या लहान मुलाला मागून हळूच हाक मारून पाहावी, ही विनंती.